नर्सिंगची जागा हुकली, आता हे वर्ष कसं वापरायचं?

यवतमाळ जिल्ह्यात, घाटंजीकडच्या एका खेड्यातल्या मुलीने विचारलं आहे. बारावी सायन्सला ५१ टक्के. बी.एस्सी. नर्सिंगची सीईटी दिली, फॉर्म अनुसूचित जमातीतून भरला. पण व्हॅलिडिटी, म्हणजे जातीच्या दाखल्याचं वैधता प्रमाणपत्र नव्हतं, म्हणून कागद तपासणीत नाव खुल्या प्रवर्गात गेलं आणि एकाही फेरीत नंबर लागला नाही. आता एक एजंट बाहेरच्या राज्यात ‘डायरेक्ट ॲडमिशन’ करून देतो म्हणतो. वडील म्हणतात, बी.ए. कर, नाहीतर पोरगा पाहतो. घरात एकीला सिकलसेलची (रक्ताच्या आनुवंशिक आजाराची) वाहक सांगितलं आहे, त्याचीही तिला धास्ती आहे. शेवटची ओळ अशी: “मॅडम, मी नर्सिंगच्या लायकीचीच नाही का? सोडून देऊ?”

बेटा, सोडू नकोस. आणि लायकीचा शब्द आधी मनातून काढ, कारण तुझी लायकी यंदा कोणी तपासलीच नाही. तपासला तो एक कागद, आणि तो तुझ्याजवळ नव्हता.

मी एकोणतीस वर्षं नर्सिंगच्या मुलींना शिकवलं. त्यातली बरीच वर्षं प्रवेशाच्या दिवसांत कागद तपासायच्या टेबलावर बसले. एका वर्षीची एक मुलगी मला अजून दिसते. पाऊस लागून होता, बाप-लेक पहाटेच्या एसटीने आले होते, कागद बी-बियाण्याच्या प्लास्टिक पिशवीत गुंडाळलेले. मार्क चांगले, टीसी आहे, डोमिसाईल आहे. नॉन-क्रीमिलेअर उघडून पाहिलं तर त्याची मुदत ३१ मार्चला संपलेली. ते प्रमाणपत्र ३१ मार्चलाच संपतं, पण हे त्या घरात कोणाला माहीत असणार? बापाने विचारलं, “मंग आता काय करा लागते जी?” नवीन आणायला तहसीलला जाऊन येईपर्यंत त्या फेरीची वेळ संपत होती. मी नियमाप्रमाणे ‘नाही’ लिहिलं. ती मुलगी पुढच्या वर्षी आली नाही. पुढे तिचं काय झालं ते मला कळलं नाही. तेव्हापासून जी मुलगी विचारते तिला मी कागदापासूनच सांगायला लागते, अभ्यासाचं नंतर.

तर तुझी व्हॅलिडिटी. एसडीओ (उपविभागीय अधिकारी) ऑफिसातून मिळतो तो जातीचा दाखला. जात पडताळणी समिती देते ते वैधता प्रमाणपत्र. हे दोन निराळे कागद आहेत आणि राखीव जागेसाठी दुसरा लागतो. अकरावी सायन्सला गेलीस तेव्हाच तुझा अर्ज कॉलेजमार्फत समितीकडे जायला हवा होता. कोणी सांगितलं नाही, तो दोष तुझा नाही. पण आता एक आठवडाही घालवू नकोस. आपल्या बारावीच्या कॉलेजात जाऊन प्राचार्यांचं शिफारसपत्र माग आणि अर्ज ऑनलाइन भर.

खरी कसोटी पुराव्याची. अनुसूचित जमातीसाठी ६ सप्टेंबर १९५० च्या आधीची नोंद सगळ्यात भक्कम धरतात. (तुझ्या मैत्रिणींपैकी कोणी दुसऱ्या प्रवर्गात असेल तर तिला सांग: अनुसूचित जातीला १० ऑगस्ट १९५०, विमुक्त-भटक्यांना २१ नोव्हेंबर १९६१, ओबीसींना १३ ऑक्टोबर १९६७.) सगळ्यात आधी हे विचार की वडिलांच्या बाजूने काका, आत्या, चुलतभाऊ, कोणाची व्हॅलिडिटी झालेली आहे का. असेल तर तिची प्रत आणि वंशावळीचं शपथपत्र, एवढ्याने निम्मं काम होतं. आईकडच्या नातेवाइकांची चालत नाही, यात पुष्कळ जण चुकतात.

कोणाचीच नसेल तर आजोबांची शाळा गाठ. दाखल-खारीज रजिस्टरमधला उतारा माग. आजोबा शाळेत गेलेच नसतील, आपल्याकडे बहुतेक घरांत तेच आहे, तर तहसीलच्या रेकॉर्ड रूममध्ये जुनं कोतवाल बुक असतं. गावात जन्म-मृत्यू झाला की कोतवाल वर्दी द्यायचा, त्याची ती वही. मी एका विद्यार्थिनीसोबत ती पाहायला गेले होते. लांबट वही, कडा वाळवीने खाल्लेल्या, शाई तपकिरी पडलेली. तिथला बाबू पानाला बोट लावू देत नव्हता, पेन्सिलीच्या मागच्या टोकाने ओळ दाखवायचा. दोन तास गेले. मग १९३८ सालची एक ओळ सापडली: गाव, तारीख, बापाच्या रकान्यात त्या मुलीच्या पणजोबांचं नाव, जातीच्या रकान्यात जमात आणि काय जन्मलं त्या रकान्यात फक्त ‘मुलगी’. नावही नव्हतं. ती तिच्या आजोबांची मोठी बहीण. त्या बिननावाच्या मुलीच्या नोंदीची नक्कल काढली आणि तिच्यावर हिची व्हॅलिडिटी झाली. आज ती एका ग्रामीण रुग्णालयात अधिपरिचारिका आहे.

म्हणून तहसीलला जाताना फक्त आजोबांचं नाव घेऊन जाऊ नकोस. आजोबांची भावंडं, पणजोबा, त्यांचे भाऊ, मूळ गाव कोणतं, धरणात किंवा दुष्काळात गाव सोडलं होतं का, हे सगळं घरातल्या म्हाताऱ्या माणसाजवळ बसून लिहून घे. नावात फरक सापडेल. कुठे ‘सोमा’ असेल, कुठे ‘सोमाजी’. आडनाव तर जुन्या नोंदीत नसतंच. घाबरू नकोस, त्याचं शपथपत्र करता येतं. खाडाखोड मात्र कोणाच्या सांगण्यावरून करू नकोस, झेरॉक्सवरसुद्धा नाही. समितीचं दक्षता पथक मूळ रजिस्टर उघडून पाहतं. तेच पथक घरी येऊन जमातीच्या चालीरीती, देव, लग्न-मयताच्या पद्धती विचारतं. तू शिकलेली म्हणून तुला त्या ठाऊक नसतील, तर आजीला विचारून घे. त्यात लाजण्यासारखं काही नाही.

प्रत्येक कागदाची पोच घे. प्रकरण अडकलं आणि प्रवेशाची तारीख तोंडावर आली, तर आधी समितीला लेखी अर्ज दे, प्रवेशाची मुदत त्यात लिही. तरी हलेना तर उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठाकडून ठरावीक मुदतीत निकाल द्यायचा आदेश मागता येतो. पुष्कळ विद्यार्थ्यांनी तसं केलं आहे. वकिलाला पैसे कुठून आणू म्हणशील. बाईला आणि अनुसूचित जमातीच्या माणसाला कायद्याने मोफत वकील मिळतो. जिल्हा न्यायालयात विधी सेवा प्राधिकरणाचं ऑफिस आहे, तिथे साध्या कागदावर अर्ज चालतो.

आता परीक्षा. २०२३ पासून आपल्या राज्यात बी.एस्सी. नर्सिंगला नीट नाही, राज्य सीईटी कक्षाची वेगळी सीईटी आहे. १०० गुण: फिजिक्स, केमिस्ट्री, बायोलॉजी, इंग्रजी आणि नर्सिंगचा कल, प्रत्येकी २०. खेड्यातल्या मुली सगळा जोर बायोलॉजीवर लावतात, कारण ते आवडतं. पण बायोलॉजीत तू आधीच १२-१३ काढत असशील तर तिथे आणखी फार तर पाच-सहा वाढतील. इंग्रजीत सातवर असशील तर तिथे दुप्पट होऊ शकतात. रोज एक पान इंग्रजी मोठ्याने वाच, न कळलेले दहा शब्द वहीत लिही. पुस्तकं बालभारतीची अकरावी-बारावीचीच पुरेत, महागडा क्लास लागत नाही. प्रवेशाला राखीव प्रवर्गात पीसीबीला, म्हणजे फिजिक्स, केमिस्ट्री, बायोलॉजी मिळून, ४० टक्के लागतात, ते तुझे होतील असं दिसतं. तरी तिन्ही विषयांची बेरीज मार्कशीटवरून स्वतः करून बघ, एकूण टक्क्यांवर जाऊ नकोस. सीईटीत राखीव प्रवर्गाला ४० पर्सेंटाईल हवं. पर्सेंटाईल म्हणजे टक्के नाहीत. परीक्षेला बसलेल्या शंभरातल्या चाळीस जणांच्या पुढे असणं, एवढाच त्याचा अर्थ.

एक बारीक गोष्ट, पण तिने मुलींचे गुण जाताना मी पाहिले आहेत. परीक्षा कॉम्प्युटरवर असते. माझ्याकडे आलेली एक मुलगी सांगत होती की तिने माऊस पहिल्यांदा परीक्षा केंद्रावरच हातात धरला. उत्तर येत होतं, पण बाण गोलावर थांबेना. दहा-पंधरा मिनिटं त्यातच गेली, हाताला घाम. तू असं करू नकोस. घाटंजीत एमएस-सीआयटीचा वर्ग असेल किंवा गावातलं सेतू केंद्र असेल, तिथे बसून घड्याळ लावून दहा-बारा सराव पेपर सोडव. माऊसवर हात बसला की डोकं प्रश्नाकडे राहतं.

पसंतीक्रम भरताना यंदा तू किती कॉलेजं टाकली होतीस? तीन-चार टाकून थांबणाऱ्या मुली मी फार पाहिल्या. ‘यवतमाळलाच हवं, नाहीतर वर्धा.’ दूरचं वाटलं तरी सरकारी कॉलेजं सगळी टाक, मग खासगी. यादी लांब केल्याने वरच्या पसंतीचं काही नुकसान होत नाही. मिळालेली जागा न घेतल्यास पुढच्या फेरीत काय होतं, हे त्या वर्षीच्या माहिती पुस्तिकेत असतं. ती पुस्तिका मोबाईलवर नाही, झेरॉक्स काढून वाच आणि तारखांखाली रेघा मार.

आणि पुढच्या वर्षी एकाच दारात उभी राहू नकोस. बी.एस्सी.सोबत जीएनएमचा, म्हणजे नर्सिंगच्या डिप्लोमाचा, अर्जही कर. त्याची प्रवेशाची पद्धत अलीकडे बदलत राहिली आहे, म्हणून जाहिरात निघाली की लगेच बघ. जीएनएम तीन वर्षांचं, आर्ट्सच्या मुलीलाही चालतं, इंग्रजीसह ४० टक्के लागतात. लोक म्हणतात जीएनएम खालचं. मी स्वतः जीएनएम करून पुढे दोन वर्षांचं पोस्ट बेसिक बी.एस्सी. केलं आणि शिकवायला लागले. एम्सच्या नर्सिंग ऑफिसरच्या परीक्षेलाही जीएनएमची मुलगी ५० खाटांच्या दवाखान्यातल्या दोन वर्षांच्या अनुभवावर बसू शकते. एएनएम (सहायक परिचारिका-प्रसाविका) दोन वर्षांचं. उपकेंद्रात जी आरोग्य सेविका तू लहानपणापासून पाहिलीस, ती त्याच वाटेने आलेली असते. सपाटीवर ५००० लोकांमागे आणि आदिवासी भागात ३००० लोकांमागे एक उपकेंद्र असतं. तिथे रात्री पोटात कळ आलेल्या बाईला पहिली दिसते ती तीच. त्या कामाला खालचं म्हणणाऱ्याचं मी कधी ऐकलं नाही.

सिकलसेलचं. आपल्या विदर्भात घरोघरी आहे, त्यात लपवण्यासारखं काही नाही. आधी तपासणी कर, प्राथमिक आरोग्य केंद्रात सोल्युबिलिटी ही रक्ताची पहिली चाचणी होते, पॉझिटिव्ह आली तर खात्रीसाठी इलेक्ट्रोफोरेसिस. वाहक म्हणजे एएस निघालीस तर नर्सिंग शिकायला, रात्रपाळी करायला काही अडत नाही. अशा मुली मी शिकवल्या आहेत. एसएस म्हणजे आजार निघाला, तर निर्णय डॉक्टरांशी नीट बोलून घ्यायचा, एजंटाशी किंवा शेजाऱ्याशी नाही. त्याहून जास्त मुली प्रवेशाच्या फिटनेस तपासणीला अडतात त्या हिमोग्लोबिनवर. माझंच पहिल्यांदा ७.८ निघालं होतं. डॉक्टरांनी सही केली नाही, म्हणाले औषध घेऊन परत ये. तीन महिने लोहाच्या गोळ्या घेतल्या, जेवणासोबतचा चहा सोडला, कारण चहाने लोह अंगी लागत नाही. मग सही झाली. तू आत्ताच तपास. हिपॅटायटिस बी च्या तीन मात्राही याच वर्षात पूर्ण कर. शून्य, एक आणि सहा महिन्यांनी असतात, म्हणजे ऐन वेळी सुरू करून होत नाहीत. रक्त हाताळायचं काम आहे आपलं.

एजंटाबद्दल मी फार कडक बोलणार आहे. त्याला तुझी मूळ मार्कशीट आणि टीसी दिली आहेस का? दिली असशील तर आजच परत आण, वडिलांना सोबत घेऊन जा. मूळ कागद ताब्यात ठेवून मुलीला बांधून ठेवायचं, हीच त्यांची पहिली रीत. दुसरी ओळख: ‘कॉलेजला रोज यायची गरज नाही, परीक्षेला या.’ नर्सिंगमध्ये असं चालत नाही. परीक्षेला बसायला ८० टक्के हजेरी लागते आणि पदवी हातात पडण्याआधी प्रात्यक्षिकाची हजेरी १०० टक्के भरून काढावी लागते. जी मुलगी वॉर्डात उभी राहिली नाही तिने उद्या कोणाच्या शिरेत सुई घालायची?

बाजूच्या मध्य प्रदेशात काय झालं ते बघ. नर्सिंग कॉलेजांच्या मान्यतेचा घोटाळा निघाला, उच्च न्यायालयाने सीबीआय चौकशी लावली, आणि हजारो मुलामुलींच्या परीक्षा वर्षानुवर्षे रखडल्या. फी भरलेली, वय वाढलेलं, हातात काही नाही. बाहेरच्या राज्यातली सगळीच कॉलेजं वाईट असं मी म्हणत नाही. पण पैसे देण्याआधी भारतीय परिचर्या परिषदेच्या आणि त्या राज्याच्या परिषदेच्या यादीत नाव बघ, महाराष्ट्रात नोंदणी बदलून मिळेल का ते महाराष्ट्र परिचर्या परिषदेला विचार आणि वडिलांना घेऊन तिथे प्रत्यक्ष जा. बी.एस्सी. कॉलेजला १०० खाटांचं स्वतःचं रुग्णालय लागतं. वॉर्डात जा आणि खाटांवर पेशंट आहेत का ते मोज. रिकाम्या खाटांवर नवीकोरी चादर दिसली तर तशीच परत ये. तालुक्याला ‘सहा महिन्यांत नर्स’ म्हणून बोर्ड दिसतात, त्यांचंही तेच. परिषदेत नोंदणी होत नसेल तर ती नर्स नाही, खासगी दवाखान्यात कमी पगारावर राबणारी बिचारी मुलगी आहे.

पुढचं बाबांना वाचून दाखव.

भाऊ, तुमची काळजी मला कळते. कापसाला भाव नाही, घरात वयात आलेली मुलगी, आणि लोक विचारतात एक वर्ष वाया गेलं का. वाया गेलेलं नाही. पैशाचं म्हणाल तर तुमच्या मुलीला राखीव जागा मिळाली की शिष्यवृत्तीचा अर्ज महाडीबीटी या सरकारी पोर्टलवरून भरता येतो. आदिवासी विकास विभागाचं मुलींचं वसतिगृह असतं, आणि तिथे जागा मिळाली नाही तर ‘स्वयम्’ योजनेतून राहण्या-जेवणाचे पैसे तिच्या खात्यात येतात. यंदा खुल्या प्रवर्गातून कुठे घुसवली असती तर फी सगळी तुमच्या अंगावर पडली असती. एक दिवस तिला घेऊन तुमच्या उपकेंद्रातल्या सिस्टरला भेटा. त्यांना विचारा, घर कसं चालतं, मुलं कशी शिकली, सासरी काय म्हणतात. माझं सांगणं राहू द्या, त्यांचं ऐका. पोरगा पाहायचाच असेल तर शिक्षण संपल्यावरही पाहता येतो, आणि तेव्हा तिच्या हातात पगार असेल.

बेटा, राहिली बी.ए. जवळच्या कॉलेजात घरून जाता येत असेल तर नाव घालायला हरकत नाही, घराबाहेर पडायला कारण मिळतं. पण टीसी तिथे जमा होते, आणि पुढच्या वर्षी ऐन प्रवेशात ती परत मिळायला दिवस लागतात. म्हणून सीईटीचा निकाल लागताच अर्ज टाक. कुठेच नाव घातलं नाहीस तर गॅपचं शपथपत्र लागेल, ते आधी करून ठेव. आठवड्यातला एक दिवस गावातल्या आशाताईंसोबत काढ. अंगणवाडीत लसीकरण असतं तेव्हा जा, बाळांची नावं लिहून दे, वजनकाट्याजवळ उभी राहा, आया काय विचारतात ते ऐक. सुईला हात लावू नकोस, ते तुझं काम अजून नाही. नर्सिंगच्या कलाचे प्रश्न अशा जागी बसणाऱ्या मुलीला परके वाटत नाहीत.

सोमवारी शाळा उघडली की आजोबांच्या गावी जा, सोबत मोठं माणूस घे. दाखल-खारीजचा उतारा मिळाला की नाही, आणि त्यात जमातीच्या रकान्यात नेमकं काय लिहिलं आहे, तेवढं मला अक्षर न् अक्षर कळव. पुढचं पाऊल त्यावरून ठरवू.